इंदूरची कलादालने आणि नागरिक



इंदूर नगरीचा विस्तार आज चहूदिशांनी होत आहे. अशा नगरीत कलादालनांचे स्थान कोणते, हे तिच्याच इतिहासावरून उमगते.

१९३० नंतरच्या काळात महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांजकडून माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत बांधवून घेतला. शिल्पकार ब्रांकुशी यांची पक्षिशिल्पे त्यांनी संग्रही ठेविली. त्यांसाठी मंदिर उभारण्याचेही योजिले. ते मंदिर झाले नाही. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत.

याच नगरीत १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर ही त्या परंपरेतील नावे. बेंद्रे यांनी पुढे बडोद्यास चित्रकारांची पिढी घडविली. चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पाने नि काटक्यांतून आकार शोधावयास शिकविले.

राजसंग्रह सामान्यांच्या दृष्टीस क्वचितच पडला. म्हणून तो गेल्याची हळहळही थोड्यांनाच वाटली. देवळालीकरांच्या नावाची कलावीथिका मात्र सर्वांसाठी आहे. उद्घाटनाच्या दिवशी गर्दी आणि दुसऱ्या दिवशी शुकशुकाट, असे अशा दालनांत घडू नये. मुलांना सोबत न्यावे, चित्रकाराशी बोलावे. शासकीय कार्यालयांनी व स्थानिक संस्थांनी प्रतिवर्षी एखादी तरी कलाकृती विकत घ्यावी. इंदुरात निर्माण झालेले इंदूरकरांना इंदुरातच पाहावयास मिळावे, एवढीच विनंती.