किनाऱ्याचा पाट आणि जहाजांच्या बैठका



शाळाशाळांतून भरणाऱ्या हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनांत किल्ल्यांच्या प्रतिकृती नेहमी आढळतात. समुद्राची प्रतिकृती क्वचितच दिसते. आणि जेथे दिसते तेथे समुद्र म्हणजे निळ्या रंगाचा एक सपाट कागद असतो. त्यावर ठेवलेल्या मोठ्या जहाजाला व लहान होडीला सर्व वाटा सारख्याच मोकळ्या असतात. प्रत्यक्षात तसे नसते. खडक, उथळ जागा, भरती-ओहोटी व वारा यांनी समुद्रातही वाटा आखलेल्या असतात, आणि त्या ज्याला ठाऊक, त्याचे बळ वाढते. ही गोष्ट पाठ करून समजत नाही. ती हाताने करून पाहावी लागते. त्यासाठी किनाऱ्याचा पाट व जहाजांच्या बैठका तयार करून त्यांवर आरमारी खेळ मांडावा.

असा खेळ केवळ बालिश करमणूक आहे, असा समज होण्याचा संभव आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी १८९८ साली आरमारी युद्धाचा खेळ नियमांसह प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली असाच खेळ एका दालनाच्या जमिनीवर मांडला गेला. साहित्य अगदी साधे होते : जमिनीवर आखलेले चौकोन, खडू आणि छोटी जहाजे. खेळणारा अधिकारी पडद्यामागे उभा राही व पडद्याच्या छिद्रातून, समुद्रावर त्याला जेवढे दिसले असते तेवढेच, पाही. जर्मन पाणबुड्यांशी लढण्याच्या काही युक्त्या या जमिनीवर शोधल्या गेल्या. साहित्य किती महाग आहे यावर नव्हे, तर ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते यावर त्याची किंमत ठरते.

आपल्या किनाऱ्यापुरता असा प्रश्न खांदेरीचा आहे. १६७९ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा जलदुर्ग उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. परंतु मोकळ्या पाण्यात ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मराठी तारवांना नागोठण्याच्या खाडीत माघार घ्यावी लागली. असे असूनही बेट पडले नाही. लहान तारवे रात्री किनाऱ्यालगतच्या पाण्यातून रसद पोहोचवीत राहिली, आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाकेबंदी उठवली. लढाईत मागे हटलेला पक्ष मोहिमेत यशस्वी कसा झाला? ‘मराठे शूर होते’ एवढ्याने हे उत्तर पुरे होत नाही. पाट तयार करावयाचा तो या प्रश्नासाठी.

प्रथम प्रमाण ठरवावे. खांदेरी थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आहे. एका सेंटिमीटरला ५० मीटर धरल्यास हे अंतर एक मीटर होते आणि दोन बाके जोडून पाट मावतो. परंतु याच प्रमाणाने १८ मीटर लांबीचे गलबत चार मिलिमीटरहूनही लहान होईल. म्हणून जहाजांना वेगळे प्रमाण घ्यावे लागते. एकास सहाशे या प्रमाणाने तेच गलबत तीन सेंटिमीटरचे होते. किनाऱ्याच्या मानाने जहाजे आठपटींहून मोठी आहेत, हे विद्यार्थ्यांना उघड सांगावे, किंबहुना त्यांच्याकडूनच गणित करून काढवून घ्यावे.

पाटासाठी जुना फळा किंवा जाड पुठ्ठा चालतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवल्यास तो वाळताना वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना कागद लावून तो वजनाखाली वाळवावा. किनारा व बेटे पुठ्ठ्याच्या थरांवर थर चढवून उंच करावीत. खांदेरीच्या दोन टेकड्या व मधला सखल भाग स्पष्ट दिसावा. उंदेरी खांदेरी आणि किनारा यांच्या दरम्यान येते. थरांच्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने बुजवाव्यात. लगद्यात खळ व मेथीचे पीठ मिसळावे. जाड लेप तडकतो; पातळ लेप देऊन प्रत्येक लेप सावलीत वाळू द्यावा. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरली की पुळण होते.

पाण्याला एकच निळा रंग कधीही देऊ नये. खोल पाणी गडद, मध्यम पाणी फिकट आणि उथळ पाणी हिरवट रंगवावे. खडकांच्या जागी खडे चिकटवावेत. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. हा फरक दाखवण्यासाठी उथळ भागाच्या आकाराची पुठ्ठ्याची सुटी पट्टी कापावी. ओहोटीच्या वेळी ती पाण्यावर ठेवावी, भरतीला उचलावी. भरतीत असलेली वाट ओहोटीत नाहीशी झालेली मुलांना डोळ्यांनी दिसते.

जहाजे सावरीच्या किंवा अन्य हलक्या लाकडाची करावीत. शिडे कागदाची चालतात. प्रत्येक जहाज एका बैठकीवर चिकटवावे. मुले जहाज उचलताना डोलकाठी धरतात आणि ती मोडते. बैठक धरण्याची सवय प्रथम लावावी. बैठकीच्या कडा घासून उतरत्या कराव्यात. तिच्या पुढच्या टोकाला नाळेची दिशा दाखवणारा बाण असावा, कारण वाऱ्याशी होणारा कोन त्यावरून मोजावयाचा असतो. मागील कडेवर जहाजाचे नाव, आणि १, २, ३ यांपैकी एक अंक लिहावा : जहाजाला जितके खोल पाणी लागते तितका अंक मोठा. बैठक अरुंद असावी. बेटांमधून शेजारीशेजारी दोन गलबते जात नसतील, तर दोष समुद्राचा नसून बैठकांचा असतो.

खेळाचे नियम थोडे ठेवावेत. पाटाच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारा कागदी बाण असावा. केवळ शिडांवर चालणारे मोठे जहाज वारा येतो त्या दिशेपासून ६० अंशांच्या आत नाळ वळवू शकत नाही. कोनमापकाने हे तपासावे. वल्ही असलेले गलबत कोणत्याही दिशेला, पण कमी अंतर जाते. मोठ्या जहाजाने हिरवट पाण्यात शिरू नये. थळहून प्रत्येक गलबताने चिंचोक्यांच्या रूपाने रसद न्यावी. ठरलेल्या डावांत बारा चिंचोके पोहोचले तर बेट टिकले. रात्रीच्या डावात इंग्रज पक्षाने पडद्यामागे बसावे. हे आकडे खेळाच्या सोयीचे आहेत, इतिहासातील नव्हेत, हेही सांगावे. दुसऱ्या दिवशी पक्षांची अदलाबदल करावी. मराठ्यांचा पक्ष हरला तर डाव खोडू नये. का हरला ते वर्गाने शोधावे. जो खेळ हरता येत नाही, त्यातून काही शिकता येत नाही.

किनाऱ्यावरील गावांत आणखी एक लाभ आहे. कोळीवाड्यातील मूल पुस्तकी प्रश्नांपुढे अनेकदा गप्प बसते आणि त्याला मंद समजले जाते. उथळ कोठे आहे, उधाण कोणत्या तिथीला येते, वारा कधी फिरतो, हे त्याला घरी ऐकून ठाऊक असते. पाटावरील पाणी रंगवण्यापूर्वी त्याला व त्याच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या दिवशी वर्गात सांगणारा तो असतो आणि ऐकणारे इतर असतात.

खांदेरीचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. त्या वारशाची कीर्ती विद्यार्थ्यांच्या कानी पडेलच. तो टिकला कसा हे त्यांना दाखवणे शिक्षकांच्या हाती आहे. म्हणून तयार झालेला पाट कपाटात बंद करू नये. खेळून खेळून त्याचा रंग उडाला, तर पुढील वर्षीच्या वर्गाने तो पुन्हा रंगवावा.