'कायर' आणि 'भ्याड'

हिंदीतील 'कायर' या शब्दासाठी मराठीत सामान्यतः 'भ्याड' हा शब्द योजिला जातो. 'कायर' हा संस्कृत 'कातर' शब्दापासून प्राकृतातून आला. कातर म्हणजे भयाने वा दुःखाने व्याकूळ झालेला. मूळ शब्दात मनाच्या अवस्थेचे वर्णन होते. हिंदीत त्याचे दूषण झाले. मराठीने 'कातर' शब्द त्याच्या करुणेसह जपला. 'कातर स्वर' असे म्हणताना कोणी कोणाला हिणवीत नाही.

दूषणासाठी मराठीत निराळे शब्द आहेत आणि त्यांतही भेद आहे. अंधाराला घाबरणारे मूल भित्रे असते. त्याला भ्याड म्हणत नाहीत. उलट, निःशस्त्र माणसांवर दबा धरून घातलेल्या घाल्याला वृत्तपत्रे 'भ्याड हल्ला' म्हणतात. तेथे हल्लेखोर घाबरला होता काय, हा प्रश्न उद्भवतच नाही. 'भित्रा' हा शब्द स्वभाव सांगतो, 'भ्याड' हा आचरणाचा निवाडा करतो.

गांधीजींच्या विचारात या निवाड्याला फार महत्त्व आहे. ११ ऑगस्ट १९२० च्या 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिले, की भ्याडपणा आणि हिंसा यांवाचून तिसरा मार्गच नसेल, तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. अहिंसा त्यांना हिंसेहून अनंतपटींनी श्रेष्ठ वाटत होती. म्हणूनच भ्याडपणाने तिचे नाव धारण करावे, हे त्यांना मान्य नव्हते.

२१ मे १९३० रोजी गुजरातेतील धारासणा येथे सत्याग्रही मिठागराकडे तुकड्यातुकड्यांनी चालत गेले. लाठ्या डोक्यावर पडत असता त्यांनी हात वर केला नाही. त्यांच्यापैकी कोणाच्याच मनात भय नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. भय असूनही पाऊल मागे आले नाही, एवढे मात्र खरे. या सत्याग्रहाचे नेतृत्व सरोजिनी नायडू यांच्याकडे होते. पुरुषाला लाजविण्यासाठी 'हातांत बांगड्या भर' म्हणण्याची जी जुनी रीत आहे, तिचा फोलपणा दाखविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

तेव्हा कोणाला भ्याड म्हणण्यापूर्वी त्याला भय वाटले काय, हे विचारून भागत नाही. भयाच्या क्षणी त्याने काय केले, हे पाहावे लागते. एरवी जो केवळ कातर झाला आहे, त्याच्या माथी आपण कायरपणाचा डाग लावून मोकळे होतो.