तपासणी कोणती करावी?

धडधाकट मनुष्यानें दवाखान्याची पायरी चढावी, ही कल्पना आमच्या पिढीस चमत्कारिक वाटे. आतां वारा उलटा वाहतो. नांदेडला गेलें, कीं "सर्व शरीराची तपासणी, सत्तर चाचण्या, सवलतीच्या दरांत" अशा पाट्या दिसतात. गेल्या वर्षीं मीही त्या मोहास बळी पडलों. डोंगरकड्याहून पहांटे उपाशीपोटीं निघालों, रक्त दिलें, आणि सायंकाळीं दोन आंकडे ठळक छापलेला कागद हातीं आला. त्या दोन आंकड्यांमागें दीड महिना हिंडलों, निवृत्तिवेतनाचे पैसे वेंचले. निघालें कांहींच नाहीं.

यांत कोणाची लबाडीच असेल असें नाहीं. निरोगी माणसाच्या आंकड्यांची मर्यादा बहुधा अशी आंखतात, कीं शंभरांतील पंचाण्णव जण तींत बसावे. आतां परस्परांशीं संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर शंभर निरोगी माणसांपैकीं सुमारें ६४ जणांचा एक तरी आंकडा मर्यादेबाहेर पडणारच. चाचण्या जितक्या अधिक, तितकी खोटी भीति अधिक.

मग तपासावें तरी काय? रोग बराच आढळणारा असावा, लक्षणें दिसण्यापूर्वीं ओळखतां यावा, आणि ओळखल्यावर त्यास उपाय असावा. रक्तदाब या कसोटीस पुरा उतरतो. रक्तांतील साखरही उतरते. माझ्या त्या सत्तर चाचण्यांत मात्र रक्तदाब कोणींच मोजला नव्हता! तो पुढें सरकारी आरोग्य केंद्रांतील परिचारिकेनें फुकट मोजला, आणि वाढलेला तोच निघाला.

परंतु स्वस्त तेंच उत्तम, असेंही नव्हे. याचा पुरावा आपल्या मराठवाड्यांतच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीं अभ्यास झाला. खेड्यांच्या ५२ समूहांची चार भागांत वांटणी केली. तीन भागांत तीन निरनिराळ्या तपासण्या एकेकदां झाल्या, चौथ्यांत एकही नाहीं. निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. विषाणु शोधणारी महाग चाचणी जेथें झाली, तेथें आठ वर्षांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या, जवळजवळ तितक्याच लोकवस्तीच्या भागांत ६४. शिरक्यासारखें सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याच्या स्वस्त तपासणीनें मात्र निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाहीं.

तीच स्वस्त तपासणी मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयानें करविली. पण तेथें ती दोन दोन वर्षांनीं चार वेळां केली, आणि या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. तपासणाऱ्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांत तयार केलेल्या होत्या. मी मॅट्रिकच असल्यानें मला याचा अंमळ आनंद झाला. तेव्हां नुसती किंमत पाहूं नये. बाई पुन्हां येणार काय, तें पाहावें. एकदांच येणार असेल, तर महाग चाचणीच स्वस्त पडते.

माझा रक्तदाब मोजून झाल्यावर त्या परिचारिकेनें विचारलें, "गुरुजी, काकूंना कां नाहीं आणलें?" मी निरुत्तर झालों. कुटुंबाचें वय अठ्ठावन्न. तिची एकही तपासणी आजवर झाली नव्हती, आणि नांदेडला जातांना मला तें सुचलेंही नव्हतें. आतां ती सुनेबरोबर जाऊन आली. तिच्या कागदावर ठळक आंकडे नाहींत, एकच ओळ आहे: जिल्हा रुग्णालयांत दाखवावें. सोमवारीं आम्ही हिंगोलीस जात आहों.