शाळेचे दार बंद करू नका, शिक्षक मागा

(शाखा सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा अभ्यासवर्गांत आजवर मी इतरांची भाषणे मराठीत आणण्याचे काम करीत आले आहे. आज स्वतः बोलण्याची पाळी आली, ती एका अर्जामुळे. हा अर्ज आमच्या वस्तीतील पालकांनी लिहिला होता आणि भाषा नीट करून देण्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

मी महाराष्ट्राबाहेरच्या एका मोठ्या शहरात राहते. माझी मुलगी तेथील सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. शाळेजवळ मोठी बांधकामे सुरू झाली, मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांची मुले शाळेत दाखल झाली. त्याच सुमारास एक शिक्षिका निवृत्त झाल्या. त्यांची जागा रिकामीच राहिली आणि तिसरीच्या दोन तुकड्यांची एक तुकडी झाली. आज त्या खोलीत साठ मुले बसतात. बाकावर जागा न मिळालेली भिंतीलगत सतरंजीवर बसतात. अर्जात मागणी एकच होती: यापुढे नवे प्रवेश बंद करावेत.

प्रांजळपणे सांगते, मला ती मागणी रास्त वाटली. मी शुद्धलेखन तपासले आणि सही करण्यास पेन उचलले. तेव्हा अर्ज घेऊन आलेल्या शेजारीणबाई सहज म्हणाल्या, "पण ताई, या शहरात आपणही बाहेरूनच आलो ना?" माझे पेन तेथेच थांबले.

हा प्रश्न इंदूर, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा आहे. म्हणून त्याचा नीट विचार करू.

प्रथम पालकांची तक्रार खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. चाळीस मिनिटांचा एक तास म्हणजे 2400 सेकंद. वर्गात साठ मुले असतील, तर शिक्षिकेने हजेरी न घेता, फळ्यावर एक अक्षरही न लिहिता सारा वेळ वाटून दिला, तरी एकेका मुलाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. तेवढ्यात वहीतील हातच्याची चूक शोधून समजावून सांगणे अशक्य आहे. ज्याच्या घरी शिकलेली आई आहे, त्याचे कसेबसे निभावते. ज्याचे आईबाप दिवसभर विटा वाहतात, ते मूल मात्र मागे पडते. गर्दीचा सर्वांत मोठा भार शेवटी त्याच मुलावर पडतो, ज्याला आपण गर्दीचे कारण ठरवतो.

आता कायदा पाहा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेशाची मुदत उलटली म्हणून किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. म्हणजे आमच्या अर्जातील मागणी बेकायदेशीरच होती. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शासनावरही बंधन आहे. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, दोनशेपर्यंत पाच. दीडशेच्या वर मुख्याध्यापक वेगळा. आणि दोनशेच्या पुढे मुख्याध्यापकाला सोडून एका शिक्षकामागे चाळीसहून अधिक मुले असता कामा नयेत. दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी. कोणत्याही शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी राहू नयेत.

मग अडते कोठे? अहवालांचे भाषांतर करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्गाचा आकार या दोन गोष्टी सरकारी कागदांत सर्रास एकच मानल्या जातात. जिल्ह्यातील सर्व मुलांना सर्व शिक्षकांनी भागले की समाधानकारक सरासरी हाती येते. पण सरासरीला शिकवण्यासाठी कोणी वर्गात उभे राहत नाही. एखाद्या वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळत असतात, तर शहराच्या कडेला एकटी शिक्षिका साठ मुलांपुढे उभी असते. कागदावर मात्र दोन्हींचे प्रमाण मिळून तीस दाखवता येते.

शिवाय मोजणीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता सप्टेंबरअखेरच्या पटावर होत आली आहे. ऊसतोड कामगारांचे तांडे मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. शिक्षकाचे पद एका गावी मोजले जाते आणि मूल पोचते दुसऱ्याच गावी.

गर्दीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा धडा केनियाने दिला आहे. तेथे जानेवारी 2003 मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द झाली. एका वर्षात पटावरील मुले सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली. गरिबांच्या मुलांसाठी दार उघडले, हा मोठा विजय होता. पण त्या मानाने शिक्षक वाढले नाहीत, वर्ग तुडुंब भरले, आणि पुढील वर्षांत ज्यांना पैसे मोजणे शक्य होते त्यांपैकी अनेकांनी आपली मुले खाजगी शाळांत नेली. सरकारी शाळा उरली ती ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी.

आपल्याकडेही असेच एक भरती-ओहोटीचे चित्र दिसले. 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात 6 ते 14 वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होते. महामारीनंतर, 2022 मध्ये, ते 72.9 टक्के झाले. 2024 मध्ये ते पुन्हा 66.8 टक्क्यांवर उतरले. या ओहोटीची कारणे अनेक असतील. पण ज्या पालकांना हलाखीने सरकारी शाळेच्या दारात आणले, त्यांना तेथे टिकवून ठेवण्याची संधी आपण गमावली, एवढे खरे.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले होते की सरकारी तिजोरी भरतो तो शेतकरी, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शेजारशाळेची आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. भरलेली शाळा हे त्या दीर्घ लढ्याचे फळ आहे. तिच्याकडे आपत्ती म्हणून पाहणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे हाती घ्यावीत. एक, आपल्या भागातील शाळेचा पट इयत्तावार आणि तुकडीवार मोजावा. सरासरीवर समाधान मानू नये. दोन, शाळा व्यवस्थापन समितीत जावे. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असतात. बांधकाम मजुरांच्या बायकांना तेथे जागा मिळवून द्यावी. तीन, रिक्त पदे भरण्याची आणि वर्षाच्या मध्ये मुले वाढल्यास त्याच वर्षी शिक्षक देण्याची मागणी लावून धरावी. जनगणना, निवडणुका आणि आपत्ती-निवारण याखेरीज अन्य कामांना शिक्षकांना जुंपण्यास कायद्याची मनाई आहे, हेही अधिकाऱ्यांना सुनवावे.

आमचा अर्ज आम्ही फाडून टाकला आणि नवा लिहिला. त्यात दोन मागण्या आहेत: निवृत्त बाईंची जागा ताबडतोब भरा, आणि तिसरीच्या पुन्हा दोन तुकड्या करा. तो अर्ज मी संध्याकाळी झोपड्यांमध्ये वाचून दाखवला. पहिल्या अर्जावर फक्त जुन्या पालकांच्या सह्या होत्या. या अर्जावर त्यांच्या सह्यांखाली मजूर आईबापांचे अंगठे आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. ते येईपर्यंत दर सोमवारी आम्ही सारे मिळून कार्यालयात जाणार आहोत.