वाऱ्याची वाट, पाण्याची वाट



गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घरांत काही नवे पाहुणे येऊन बसले आहेत. सुटलेल्या पोटाचा लाफिंग बुद्धा, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, दारात किणकिणणारी विंड चाइम, काचेच्या भांड्यात उभे केलेले हिरवे बांबू. वाढदिवस असो की वास्तुशांत, भेट म्हणून यातलं काहीतरी येतंच. हे काय म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं, "फेंगशुई आहे."

यातल्या दोघांची ओळख करून दिली पाहिजे. हा हसरा बुद्ध म्हणजे आपले गौतम बुद्ध नव्हेत. दहाव्या शतकाच्या आसपास चीनमध्ये खांद्यावर झोळी टाकून गावोगाव फिरणारा बुदाई नावाचा एक भिक्षू होता, त्याची ही मूर्ती. आणि तो बांबू तर बांबूच नाही. ड्रॅसिना जातीची ती वनस्पती, मूळची आफ्रिकेतली. घरात आले आहेत तर सुखानं राहोत बिचारे. पण फेंगशुई नावाचा विचार शेकडो वर्षं या वस्तूंवाचून चालत आला होता, एवढं ध्यानात असू द्यावं.

मग फेंगशुई म्हणजे काय? चिनी भाषेत 'फंग' म्हणजे वारा आणि 'श्वे' म्हणजे पाणी. बस्स, एवढाच अर्थ. वारा-पाणी. आपण नाही का एखाद्या गावाबद्दल म्हणत, तिथलं हवापाणी चांगलं आहे, मानवतं? घर कुठं बांधावं, दार कुठं ठेवावं, याचा विचार करणाऱ्या विद्येला चिनी माणसानं दिलेलं हे नाव मला कवी म्हणून फार आवडतं.

योगायोग असा, की या विद्येचा जुना ग्रंथ ज्याच्या नावावर सांगतात तोही कवीच होता. ग्वो पू त्याचं नाव, काळ इ. स. २७६ ते ३२४. ग्रंथाचं नाव 'झांगशू', म्हणजे दफनाचा ग्रंथ. तो खरोखर त्यानंच लिहिला का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्यातला मुख्य विचार साधा आहे. सृष्टीत एक प्राणशक्ती वाहते, तिला चिनी लोक 'ची' म्हणतात. ती वाऱ्यावर स्वार होऊन विखुरते आणि पाणी लागलं की थांबते. म्हणून जिथं वारा अंगावर येत नाही आणि पाणी जवळ आहे, अशी जागा शोधावी.

हा शोध आधी मेलेल्यांसाठी होता. पूर्वजांची कबर चांगल्या जागी असली, तर मुलाबाळांचं भलं होतं ही श्रद्धा. कबरीला ते 'यिन' घर म्हणत आणि जित्याजागत्या माणसांच्या घराला 'यांग' घर. यिन आणि यांग हे शब्द आता पार तत्त्वज्ञानात जाऊन बसले आहेत, पण त्यांचा मूळ अर्थ डोंगराशी बांधलेला आहे. डोंगराची सावलीची बाजू यिन आणि उन्हाची बाजू यांग. एकाच डोंगराच्या दोन बाजू. ऊन सरकेल तशी सावलीही सरकते.

आता घराची जागा कशी निवडायची? हात असलेली एक आरामखुर्ची डोळ्यांसमोर आणा. पाठीला टेकायला उंच आधार, दोन्ही बाजूंना हात आणि समोर मोकळं. फेंगशुईची आदर्श जागा अशीच असते. घराच्या पाठीशी, उत्तरेला डोंगर, त्याला नाव काळं कासव. डावीकडे, पूर्वेला टेकड्यांची रांग, ती निळा-हिरवा ड्रॅगन. उजवीकडे, पश्चिमेला जरा ठेंगणी रांग, तो पांढरा वाघ. आणि समोर दक्षिणेला मोकळी जागा, तिथं वळण घेत जाणारं पाणी आणि दूरवर एखादी बुटकी टेकडी, तो लाल पक्षी. दारासमोरच्या त्या मोकळ्या जागेला 'मिंगतांग' म्हणतात, म्हणजे उजेडाचं दालन.

कासव, ड्रॅगन, वाघ ही नावं ऐकून गंमत वाटते. पण उत्तर चीनच्या हिवाळ्यात उभं राहून बघा. सैबेरिया आणि मंगोलियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो, सोबत पिवळी धूळ आणतो. मग उत्तरेला डोंगर नको का? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो. दार-खिडक्या दक्षिणेला असल्या, तर ऊन थेट घरात येतं. उन्हाळ्यात तोच सूर्य माथ्यावर असतो आणि छपराच्या वळचणीनं अडतो. एका नियमात थंडी, धूळ आणि उजेड या तिन्हींची सोय झाली. ज्याला काळं कासव म्हटलं, तो थंडीत घराला पाठ देणारा डोंगर होता.

बीजिंगची जुनी चौसोपी घरं याच नियमानं बांधलेली. त्यांना 'सिहेयुआन' म्हणतात. मधे अंगण, चारी बाजूंना खोल्या. उत्तरेकडची, दक्षिणेला तोंड असलेली खोली सगळ्यांत उबदार, ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. बाहेरचं दार बहुधा आग्नेय कोपऱ्यात आणि दारातून आत शिरलं की समोर एक आडवी भिंत. भुतंखेतं सरळ रेषेत चालतात, ती भिंतीवर आपटून मागं फिरतात, अशी समजूत. भुतांचं मला माहीत नाही, पण रस्त्यावरच्या माणसाची नजर त्या भिंतीवर नक्की अडत असणार. आमच्या मोहल्ल्यात दाराला गोणपाटाचा पडदा असायचा आणि जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजातून आधी देवडीत यावं लागे. घराचं आतलं आयुष्य एकदम रस्त्यावर पडू नये, ही काळजी सगळीकडे सारखीच.

राजेही या नियमाबाहेर नव्हते. बीजिंगचा राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला. सपाट शहर, पाठीशी टेकडी कुठून आणणार? मग खंदक खणताना निघालेली माती राजवाड्याच्या उत्तरेला रचून टेकडी उभी केली. तीच आजची जिंगशान. आणि दर्शनी दाराच्या आतल्या अंगणातून धनुष्यासारखा वळणारा एक पाण्याचा प्रवाह नेला.

इथं एक प्रश्न मनात येतो. चिनी माणसाला दक्षिण सगळ्यांत प्यारी. होकायंत्रालाही तिकडे 'दक्षिण दाखवणारी सुई' म्हणतात. आणि आपल्याकडे दक्षिण म्हणजे यमाची दिशा. दक्षिणेला दार असलेला फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक कचरतं. आपलं वास्तुशास्त्र ईशान्येला मान देतं. आमच्या घरात पश्चिमेला मान, कारण मक्का आपल्या देशाच्या पश्चिमेला. पश्चिमेकडे पाय करून झोपू नये, असं अम्मी सांगायची. शेजारच्या काकू सांगायच्या, उत्तरेकडे डोकं करून झोपू नये. एकाच गल्लीत इतक्या दिशा नांदत होत्या आणि भांडण कधी झालं नाही.

यातली श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी राहू द्या. तिला पुरावा मागायचा नसतो. पण सोयीचा म्हणून जो नियम सांगितला जातो, तो कुठल्या मातीत उगवला हे विचारायलाच हवं. ऑस्ट्रेलियात दुपारचा सूर्य उत्तरेकडे दिसतो. तिथं दक्षिणेला खिडक्या ठेवल्या, तर घर अंधारं आणि गारठलेलं राहील. आपल्या कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. चीनच्या थंडीसाठी केलेला नियम तिथं जसाच्या तसा लावला, तर भिंती ओल धरतील. नियम पाठ करण्यापेक्षा तो का झाला, हे समजून घ्यावं.

घरातल्या सूचनांचंही असंच आहे. दार मोकळं असावं, दारामागं चपला-खोक्यांचा ढीग नसावा. पलंगाच्या उशाशी भक्कम भिंत असावी आणि पडल्या पडल्या दार दिसावं, पण पाय थेट दाराकडे नसावेत. चूल आणि मोरी एकमेकींना चिकटून नसाव्यात, कारण अग्नी आणि पाणी यांचं जमत नाही. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही त्यांची पाच तत्त्वं. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नीची राख होऊन माती वाढते, मातीतून धातू निघतो, धातूवर दव धरून पाणी होतं आणि पाण्यावर लाकूड वाढतं, असं हे चक्र. सरळ धावत येणारा रस्ता दारावर आदळू नये, असंही ते सांगतात. भरधाव वाहनांच्या आजच्या काळात हे कुणाला पटणार नाही?

अंगणाच्या मधोमध एकच झाड असू नये, असा एक संकेत आहे. त्याचं कारण लिपीत सापडतं. चिनी लिपीत झाडाच्या चिन्हाभोवती चौकट काढली, की शब्द होतो 'अडचण', 'कोंडी'. चार भिंतींत अडकलेलं झाड! अक्षरावरून घराचा नियम करणारी माणसं कवीच म्हणायची.

यातून पैसा येतो, लग्न जमतं, आजार जातो, असं सांगतात त्याला मात्र शास्त्रीय आधार नाही. 'ची' मोजण्याचं यंत्र कुठं मिळत नाही. आणि भोळ्या माणसाची फसगत नेमकी इथंच होते. माझ्या माहितीतलं एक कुटुंब दोन खोल्यांत राहतं. समोर दवाखाना. कुणा सल्लागारानं त्यांना सांगितलं, तिकडून वाईट ऊर्जा येते, खिडकी बुजवा. त्यांनी प्लायवूड ठोकून खिडकी बंद केली, वर एक आरसा लावला, सल्ल्याचे पैसे वेगळे मोजले. घरात धाकटा नातू दम्याचा. ज्या विद्येच्या नावातच वारा आहे, तिच्या नावानं त्या पोराचा वारा बंद झाला. शेवटी घरातल्या आजीनंच ते प्लायवूड काढायला लावलं. तिनं या विषयावरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण संध्याकाळी वारा कुठून येतो हे तिला ठाऊक होतं.

श्रोतेहो, मला या विद्येत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते घराच्या उंबऱ्याबाहेरचं. त्या दफनाच्या ग्रंथात पाच प्रकारचे डोंगर वर्ज्य सांगितले आहेत. त्यात पहिला बोडका डोंगर, ज्यावर झाड नाही. दुसरा तुटलेला, कापलेला डोंगर. म्हणजे पाठीशी नुसता डोंगर असून भागत नाही, तो हिरवा आणि अखंड हवा. म्हणून दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांत गावामागच्या उतारावर चंद्रकोरीच्या आकाराचं रान राखलेलं दिसतं. त्याला फेंगशुईचं रानच म्हणतात. त्यातलं झाड तोडायचं नाही. ते रान वारा अडवतं, उतारावरची माती धरून ठेवतं, गावाला गारवा देतं. हाँगकाँगमध्ये अशी शंभराहून अधिक रानं नोंदलेली आहेत आणि बाकीचं जंगल गेलं तिथंही जुनी देशी झाडं त्यांच्यात टिकून आहेत. हे ऐकताना आपल्या सह्याद्रीतली देवराई आठवते ना? तिथंही काडी उचलायची नाही, हा नेम.

पाण्याचंही तसंच. आन्हुई प्रांतातलं होंगत्सुन हे गाव २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. ओढ्याचं पाणी पाटानं गावात आणलं आहे, ते घरांच्या दारांवरून वळणं घेत गावाच्या मधल्या अर्धचंद्राकार तळ्यात येतं आणि पुढं मोठ्या तळ्यात जातं. शेकडो वर्षं ही वाट कुणी बुजवली नाही, कारण ते पाणी एकट्याच्या नशिबाचं नव्हतं, अख्ख्या गावाच्या नशिबाचं होतं.

आणि आपण? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अचाट होता हे खरं, पण मिठी नदीची वाटही आपण आवळून टाकली होती. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिथं डोंगर घरांवर आला. प्रत्येक ठिकाणची कारणं निरनिराळी, त्या गरीब माणसांना दोष देण्याचा तर प्रश्नच नाही. पण डोंगर कापताना, नाला बुजवताना, त्यावर इमारत उठवताना आपण वाऱ्या-पाण्याला विचारत नाही आणि मग आत राहायला गेल्यावर बेडकाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवावं हे मात्र सल्लागाराला विचारतो.

नवं घर बघायला जाल तेव्हा एवढंच करा. एकदा भर पावसात जा आणि पाणी कुठून येतं, कुठं जातं ते पाहा. एकदा मे महिन्याच्या दुपारी जा आणि कुठली भिंत तापते ते हात लावून बघा. मागं डोंगर असेल तर त्यावर झाडं आहेत की जेसीबीच्या दातांच्या खुणा, ते पाहा. जवळच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी इथं काय होतं? ओढा होता, तळं होतं असं तो म्हणाला, तर दोन दिवस थांबून विचार करा. आणि राहत्या घराचं म्हणाल, तर आज एक खिडकी उघडा आणि गळणारा नळ दुरुस्त करून घ्या. फेंगशुईत पाणी म्हणजे संपत्ती मानतात. गळणाऱ्या नळातून ती जाते, हे तर आपल्यालाही नाकारता येणार नाही.

आणि हो, दारातली ती विंड चाइम काढायची गरज नाही. तिच्यापर्यंत वारा पोहोचेल एवढी जागा बाहेर राहू द्या, म्हणजे झालं.