वाहनचालकाचा आकाशातील सोबती



पनवेलजवळच्या रोडपालीचा परिसर रात्रीही निजत नाही. शेजारी कळंबोलीचा पोलाद बाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा आरंभ. पलीकडे १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर. येथे वाहनाचा ठावठिकाणा हा केवळ मालकांचा विषय नव्हे, तो चालकाच्या जिवाचाही विषय आहे.

उपग्रह वरून गाडी पाहतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः उपग्रहास गाडीची गंधवार्ताही नसते. तो आपले स्थान व अचूक वेळ सांगणारे संदेश अखंड पाठवीत असतो. गाडीतील यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ग्रहण करून, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून आपला ठिकाणा ठरविते व मोबाइलच्या जाळ्यातून कळविते. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ साली पूर्णतः कार्यान्वित झाली. भारताने आपल्या प्रादेशिक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. २०१६ साली तिचे ‘नाविक’ असे नामकरण झाले.

चालकास यातून काय लाभते? गाडी चोरीस गेल्यास तिचा माग काढता येतो. घाटात ती बंद पडल्यास मदतीस येणाऱ्याला खाणाखुणा सांगत बसावे लागत नाही. माल उशिरा पोहोचल्याचा ठपका आला, तर गाडी कोठे व किती वेळ खोळंबली याची नोंद चालकाच्या बाजूने साक्ष देते. अपघातात तर पहिला तास मोलाचा. जखमी माणसास जागा सांगता येईलच असे नाही. यंत्र ती सांगू शकते. म्हणूनच केंद्र शासनाने २०१६ साली नियम करून, तीनचाकी वगळता, प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण आवश्यक ठरविले. १ जानेवारी २०१९ पासून तो नव्या वाहनांना लागू झाला.

यंत्रास मर्यादाही आहेत. भाताण किंवा माडपच्या बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही आणि मोबाइलचे जाळे नसेल तेथे निरोप अडतो. बटण चालू आहे की नाही, हे प्रवासापूर्वी पाहणे म्हणूनच अगत्याचे.

ही सोबत की पाळत, ही चालकाची शंकाही अनाठायी नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. नोंदी कोण पाहतो व त्या किती दिवस ठेवल्या जातात, हे चालकास कळले पाहिजे. वेगाबद्दल जाब विचारणाऱ्या मालकाने, चालक सलग किती तास जागा आहे, हेही त्याच नोंदीत पाहावे. दिवसाला आठ तासांची सर्वसाधारण मर्यादा तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच घालून दिली होती. नोंदींचा असा दुहेरी उपयोग होईल, तेव्हाच हे यंत्र चालकाला आपले वाटेल.