औषधाच्या बाटलीचा कायदा : विचारणार कोणाला?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही एका बाटलीवर बोलणार आहोत. खरीप लागला की घरोघरी येणारी, आपण जिला 'औषध' म्हणतो ती कीटकनाशकाची बाटली. तिच्यात काय भरावे, तिच्यावर काय छापावे, रिकामी झाल्यावर ती कोठे जावी, हे सगळे कायद्याने ठरते. तो कायदा करताना आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे तपासताना, ती बाटली हाताळणाऱ्याला कोणी विचारले काय? एवढाच आजचा प्रश्न आहे.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. या कायद्याने केंद्रीय कीटकनाशक मंडळ नेमले आणि त्यावर कोण बसणार त्याची यादीही कायद्यातच दिली. आरोग्य सेवांचे महासंचालक अध्यक्ष. मग औषध नियंत्रक, कारखान्यांचे मुख्य सल्लागार, प्राणी सर्वेक्षणाचे संचालक, रेल्वे बोर्डाचे वाहतूक अधिकारी. विष आगगाडीतून जाते म्हणून रेल्वेला जागा दिली, त्यात वावगे काही नाही. पण तेच विष पाठीवर घेऊन जो पराटीत शिरतो, त्याचा प्रतिनिधी म्हणून एकही जागा त्या यादीत ठेवली नाही.

ज्याला विचारले नाही त्याच्या अडचणी नियमात कशा येणार? उदाहरणे पाहा.

नियम म्हणतो, बाटलीवर विषाच्या तीव्रतेचा चौकोन छापा. तो लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा असावा. अत्यंत विषारी असेल तर लाल रंग, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. कागदावर चोख. पण शंभर मिलिलिटरच्या बाटलीचे लेबल केवढे आणि त्याचा सोळावा हिस्सा केवढा? अंगठ्याच्या नखाएवढा. आणि आपल्याकडे हिरवा म्हणजे निर्धोक अशी समजूत. नियमात हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषारीच. गावातल्या दहा फवारणाऱ्यांना बाटली दाखवून 'यावरून काय कळले?' असे विचारले असते, तरी ही गफलत ध्यानात आली असती.

बाटलीसोबत माहितीपत्रक हवे, ते हिंदी, इंग्रजी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत हवे, विषबाधेची लक्षणे आणि त्यावरचा उतारा त्यात हवा, असाही नियम आहे. पण पत्रक राहते मालकाच्या घरी आणि पंप असतो मजुराच्या पाठीवर. एका औषधाचे पत्रक एका औषधापुरते; आपण ड्रममध्ये दोन-तीन औषधे एकत्र करतो. हातमोजे घाला, तोंड झाका, असे छापलेले असते. आश्विनातल्या उन्हात, डोक्याएवढ्या पराटीत, रबरी मोजे घालून दिवसभर पंप मारून दाखवावा. साबण-पाण्याने अंग धुवा, असेही छापलेले असते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी कसे असते ते आम्ही तुम्हाला काय सांगावे?

रिकाम्या बाटलीचे तर दोन कायदे आहेत. कीटकनाशक नियम सांगतात, बाटली फोडा आणि वस्तीपासून दूर पुरा. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये जी भर पडली, ती सांगते की वेष्टनाचे प्लॅस्टिक गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या उत्पादकाची. एक म्हणतो पुरा, दुसरा म्हणतो गोळा करा. बाटली मात्र धुऱ्यावरच पडून आहे. पावसाने ती नाल्यात जाते, नाही तर त्यात कोणी गोडेतेल भरते.

याची किंमत काय पडते ते २०१७ ने दाखवले. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. सरकारने चौकशी पथक नेमले. वर्षाच्या अखेरीला पाच औषधांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. त्या पाच जिल्ह्यांत आपला बुलढाणाही होता. तोवर फवारणीचा जोर ओसरला होता.

पुढे मे २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. हरकतींसाठी आधी ४५ दिवस दिले, मग ती मुदत ९० दिवसांवर नेली. यादीत आपल्या रोजच्या वापरातली नावे होती : मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, ज्वारीच्या खोडमाशीवर वापरतात ते कार्बोफ्युरान, तणावरचे ॲट्राझिन. तो मसुदा तुमच्या गावच्या चावडीवर कोणी वाचून दाखवला काय? ज्याच्या गावात वाचला गेला त्याने हात वर करावा.

२०२३ मध्ये अखेरचा आदेश निघाला, तेव्हा डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल ही तीन पूर्ण बंद झाली आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचे ठरले. बाकीची बहुतेक राहिली. यातली कोणती राहायला हवी होती आणि कोणती जायला हवी होती, त्यावर या सभेत दोन मते असतील. पण एक बाजू म्हणाली, बंदी घातली तर शेतकरी बुडेल. दुसरी म्हणाली, बंदी घातली नाही तर शेतकरी मरेल. दोघेही आपल्याच नावाने बोलत होते. आपण स्वतः काय म्हणतो याची नोंद कोठे आहे? एक औषध गेले तर त्याच्या जागी कोणते येणार, एकरी खर्च किती वाढणार, खोडमाशी त्याने आवरेल की नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक?

विचारायचे ठरवले तर सरकारला विचारता येते. बीटी वांग्याच्या वेळी, २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत खुल्या सभा घेतल्या. त्यातली एक नागपूरला झाली. त्यांचा निकाल कोणाला पटला, कोणाला नाही. पण सभा झाल्या. २०१४ मध्ये केंद्राने धोरणच ठरवले की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, ज्यांच्या जगण्यावर परिणाम होणार त्यांच्यापर्यंत तो पोचवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा. युरोपने २०२४ मध्ये वस्तू पर्यावरणाला सोसेल अशी घडवण्याचा कायदा केला. तेथे नियम ठरवताना कारखानदार, व्यापारी, कामगार, ग्राहक आणि पर्यावरण संस्था यांना एका मंचावर बसवण्याची तरतूद आहे. पहिल्या वस्तूंत कपडा आहे. कपडा म्हणजे शेवटी कापूस. तेथेही उद्या आपल्या कापसाबद्दल बोलणे होईल, तेव्हा खामगाव-मलकापूरच्या शेतकऱ्याचे म्हणणे कोण मांडणार?

म्हणून आमचे मागणे चार गोष्टींचे.

एक, मसुदा मराठीत काढा, ग्रामसभेत वाचा, आणि हरकतींची मुदत ऐन फवारणीच्या दिवसांत ठेवू नका.

दोन, लेबल आणि बाटली मंजूर करण्याआधी ती फवारणाऱ्यांच्या हातात द्या. त्यांना वाचता आणि वापरता आली नाही तर मंजुरी नाही.

तीन, कीटकनाशकांच्या नव्या कायद्याची विधेयके २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत आली. नवा कायदा कधीही होवो, त्याच्या मंडळात कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांना जागा हवी. औषधासाठी पाणी भरणाऱ्या आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्या बायांनाही हवी.

चार, प्रत्येक नियमाचा दर तीन वर्षांनी हिशोब मांडा : विषबाधा किती घटल्या, खर्च किती वाढला, बाटल्या किती परत गेल्या.

पण नुसते मागून भागत नाही. साक्ष द्यायची तर पुरावा लागतो. या खरिपात प्रत्येक गावाने एक शंभर पानी वही करावी. कोणते औषध, किती भावाने घेतले, कशात कालवले, किडीवर काय गुण आला, कोणाला भोवळ आली, डोळे चुरचुरले, रिकामी बाटली कोठे गेली, तारखेनिशी लिहावे. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यावे आणि खाली अंगठा द्यावा. मजुराचे म्हणणे मालकाने लिहू नये, मजुरालाच विचारावे. आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून आपण ओरडतो, तर आपणही आपल्या माणसाला विचारले पाहिजे.

दिवाळीनंतरच्या बैठकीला येताना आपापल्या गावची वही घेऊन या. जेवढ्या वह्या जमतील तेवढे आपले म्हणणे.